पुसलेली उधारी परत वर आली

आधीच सांगते, मी डिझायनर वगैरे कुणी नाही. सांगलीत दोन दुकानांचे हिशेब टॅलीवर लिहिते, तेवढाच माझा आणि कॉम्प्युटरचा संबंध. फोटोचं काम म्हणजे पोरीच्या शाळेसाठी पासपोर्ट साइज कापून देणं, बास. तरी एका जुन्या चित्रामागचा कागद काढून ते पारदर्शक करायला गेले, त्याची ही गोष्ट.

तर झालं असं की आमच्या सासूबाई बरीच वर्षं घरी कांदा-लसूण मसाला करतात आणि हळद गिरणीतनं दळून आणून विकतात. गिऱ्हाईक म्हणजे गावभागातली ओळखीची घरं आणि पुण्यातली भाचरं. साधी प्लास्टिकची पिशवी, मेणबत्तीवर चिकटवलेली, वर स्केचपेननं "हळद". गेल्या दिवाळीआधी नवऱ्याच्या डोक्यात आलं की पिवळा पाउच घेऊ, त्यावर छान लेबल छापू, दिसायला बरं दिसेल. लेबलवर काय टाकायचं यावर घरात दोन दिवस चर्चा आणि मग सासरे, म्हणजे आमचे नाना, पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाले, "आबांच्या बिलावर चित्र हुतं की. तेच टाका."

आबा म्हणजे नानांचे वडील, त्यांचा हळदीचा व्यापार होता. माळ्यावरची ट्रंक खाली आली. त्यात बिलबुकं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत पाणी आलं, आणि ट्रंक वर चढवेपर्यंत तळाची बुकं भिजलीच. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बिलावर चहा सांडल्यासारखी तपकिरी रेघ, कडा कुजक्या, आणि मुळातला कागद पण पिवळा पडलेला. त्यातल्या त्यात एक बरं निघालं. वरच्या बाजूला ब्लॉकनं छापलेलं चित्र, कृष्णेचा घाट, देवळाचा कळस, एक होडी, खाली जाड अक्षरांत "हळदीचे व्यापारी". शाई कधीकाळी निळी असणार, आता काळपट हिरवी. इतकं सुंदर की मी लगेच म्हटलं झालं, हेच. फक्त एक अडचण होती, होडीच्या बरोबर खालून आबांच्या हातची एक ओळ गेली होती, पेनानं, आपल्याच गल्लीतल्या एका घराण्याचं नाव आणि पुढे "यांजकडून येणे रु. ४०". ती अर्थातच लेबलवर नको होती. त्या घरात आजही आमची हळद जाते!

म्हटलं त्यात काय, पुसून टाकू. इथनंच सगळं सुरू झालं.

पहिला दिवस. मोबाइलनं फोटो काढला, लॅपटॉपवर जिम्प नावाचं फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं (फुकट आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही), फोटो उघडला आणि इरेजर घेऊन कागद खोडायला लागले, म्हणजे नुसतं चित्र पाउचच्या पिवळ्यावर बसेल. माझी अपेक्षा अशी की कागद खोडला की मागे काहीच उरणार नाही. पण जिथं खोडलं तिथं पांढरंफेक. मी परत खोडते, परत पांढरं. ते पिवळ्या पाउचच्या रंगावर ठेवून बघितलं तर चित्राभोवती पांढरा चौकोन, दहावीच्या हॉलतिकिटावर फोटो डकवल्यासारखा.

यातली भानगड मला नंतर कळली. मोबाइलचा फोटो जेपीजी असतो आणि जेपीजीत प्रत्येक ठिपक्यासाठी फक्त रंगाची माहिती असते, लाल किती, हिरवा किती, निळा किती. इथं काहीच नाही असं सांगायची सोयच त्या फाइलमध्ये नाही. मग इरेजर बिचारा काय करणार, तो खोडलेल्या जागी बॅकग्राउंडचा रंग भरतो. पारदर्शकपणा पाहिजे असेल तर चौथा आकडा लागतो, त्यालाच अल्फा चॅनल म्हणतात. ० म्हणजे अजिबात दिसणार नाही, २५५ म्हणजे पूर्ण दिसणार, मधले सगळे म्हणजे कमी-जास्त आरपार. जिम्पमध्ये चित्र लेयरमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवायच्या थरांत, असतं. लेयरचं नाव ठळक अक्षरात दिसत असेल तर समजायचं त्याला अल्फा नाहीये. मग लेयर मेनू, ट्रान्सपरन्सी, त्यात ॲड अल्फा चॅनल. नाव लगेच साध्या अक्षरात येतं आणि इरेजर फिरवला की खाली राखाडी चौकड्या दिसतात. त्या चौकड्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं "आल्या!" म्हटलं की आतनं आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "कोण आलं गं एवढ्या रात्रीचं?"

पण अख्खं चित्र हातानं खोडणं म्हणजे तांदळातले खडे निवडण्यापेक्षा वाईट. होडीच्या दोऱ्या केसाएवढ्या. मग फझी सिलेक्ट वापरून बघितलं, कागदावर क्लिक करायचं, सारख्या रंगाचा भाग निवडला जातो, डिलीट. बाहेरचा कागद गेला. पण "ळ" च्या दोन गाठींत, "व्य" च्या पोटात, देवळाच्या खिडक्यांत कागद तसाच राहिला, कारण तो बाहेरच्या कागदाला जोडलेला नाही. रंगावरून निवडणारं वेगळं टूल आहे, त्यानं तेही गेले, पण पुराच्या डागाचा रंग वेगळा म्हणून डाग राहिला. थ्रेशोल्ड, म्हणजे किती वेगळा रंग सारखा धरायचा तो आकडा, वाढवला तर डागाबरोबर होडीचं शीडही गेलं. आणि ज्या कडा उरल्या त्या उंदरानं कुरतडल्यासारख्या.

कलर टू अल्फा नावाचा एक प्रकार आहे, तो मला सगळ्यात हुशार वाटला आणि अजूनही वाटतो. त्याला सांगायचं की हा रंग काढ, आणि तो प्रत्येक ठिपक्यातनं तेवढाच रंग उपसून काढतो, म्हणजे कडेचा ठिपका अर्धा कागद अर्धी शाई असेल तर त्यातला कागद जातो आणि शाई अर्धी पारदर्शक होऊन राहते. पांढऱ्या स्वच्छ कागदावर काळी सही असेल तर दोन मिनिटांचं काम, मी नंतर नवऱ्याची सही अशी काढून दिली. पण आमचा कागद एका रंगाचा होता कुठं? एका कोपऱ्यात साय, दुसऱ्यात काकवी. ड्रॉपरनं साईचा रंग उचलला तर काकवीचा भाग पिवळसर धुरासारखा चित्रावर तरंगत राहिला, आणि शाईही पूर्ण काळी नसल्यामुळे ती पण थोडी आरपार झाली, पिवळ्यावर ठेवल्यावर देऊळ फिकट, आजारी दिसायला लागलं. तिथंच ओपॅसिटी थ्रेशोल्ड म्हणून एक स्लायडर असतो, त्यानं शाई परत दाट होते, पण डागही त्याच्याबरोबर दाट होतो.

तीन रात्री गेल्या यात. नवरा म्हणाला नवीन चित्र काढून घेऊ कुणाकडून तरी. मी म्हटलं आता नाही, आता माझा हट्ट आहे.

चौथ्या रात्री मास्क सापडला. मास्क म्हणजे लेयरला जोडलेलं काळं-पांढरं चित्र, काळं रंगवलं की तिथला लेयर लपतो, पांढरं रंगवलं की परत दिसतो, राखाडी म्हणजे अर्धवट. चुकलं तर उलटा रंग घेऊन फिरवायचा, काही वाया जात नाही. हे मला फार आवडलं. कागद आणि डाग यांच्यावर काळा ब्रश, कडांना मऊ ब्रश, आणि आबांच्या उधारीच्या ओळीवर दाबून काळा. चौकड्यांवर चित्र असं स्वच्छ दिसत होतं की मी झोपलेल्या नवऱ्याला उठवून दाखवलं. फाइल जिम्पच्या स्वतःच्या प्रकारात सेव्ह केली, एक्स्पोर्ट करून पीएनजी (या प्रकारच्या फाइलमध्ये अल्फा राहतो) काढली आणि प्रिंटवाल्यांना मोबाइलवरनं पाठवून दिली.

सकाळी त्यांचा फोन. "वहिनी, मागं काळा डबा आलाय." मी फोटो म्हणून पाठवलं होतं. असं पाठवलं की वाटेत त्याचा जेपीजी होतो आणि चौथा आकडा गळून पडतो, उरलेल्या जागी काळं नाहीतर पांढरं. हे ज्यानं एकदा भोगलंय तो परत विसरत नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं किंवा सरळ पेनड्राइव्ह. मी डॉक्युमेंट पाठवलं आणि दुपारी स्वतःच स्टँडच्या बाजूला त्यांच्या दुकानात गेले, म्हटलं समोरच बघू.

त्यांनी एक नमुना आधीच छापून ठेवला होता. पिवळ्यावर घाट, देऊळ, होडी... आणि होडीखाली ठसठशीत, "यांजकडून येणे रु. ४०". वर गल्लीतल्या त्या घराण्याचं नाव. मागे डागासकट अख्खा कागद.

माझ्या पोटात गोळाच आला. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी, त्यातलं एक ओळखीचं. मी तो नमुना आधी पर्समध्ये कोंबला आणि मग विचारलं की हे कुठनं आलं, मी तर पुसलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही दिलं तेच छापलंय. मशीनला टाकायच्या आधी आमच्या पोरानं एका जुन्या सॉफ्टवेअरमधनं फाइल बदलून घेतली, बाकी काय केलं नाही." पोरगा म्हणाला, "मला पण चौकड्याच दिसल्या हुत्या ओ."

घरी येऊन मी शांतपणे बसले आणि हे शोधून काढलं, आणि खरं सांगायचं तर अल्फा म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. आधीचे चार दिवस मी नुसती बटणं दाबत होते. मी समजत होते की पारदर्शक केलं म्हणजे तिथं भोक पडलं. भोक पडत नाही! तिन्ही रंगांचे आकडे जिथल्या तिथं असतात, फक्त शेजारच्या चौथ्या आकड्याचा शून्य होतो, म्हणजे "हे दाखवू नको" अशी चिठ्ठी लावलेली असते. चिठ्ठी वाचणारा प्रोग्राम दाखवत नाही, न वाचणारा सगळं दाखवतो. जिम्पमधनं पीएनजी काढताना पारदर्शक पिक्सेलचे, म्हणजे ठिपक्यांचे, रंग जपून ठेवायचे का अशी एक टिक असते, ती माझ्याकडे ऑन होती. म्हणजे आबांची उधारी फाइलमध्ये सुखरूप बसली होती, त्या जुन्या सॉफ्टवेअरनं चौथा आकडा फेकून दिला आणि ती बाहेर आली.

खात्री करायला एक गंमत केली. अल्फा असलेल्या लेयरवर इरेजरनं देऊळ पूर्ण खोडलं, चौकड्या आल्या. मग इरेजरच्या ऑप्शनमध्ये अँटी इरेज म्हणून टिक आहे ती लावून परत त्याच जागी घासलं. देऊळ हळूहळू परत आलं, कळसासकट. नाना मागे चहाचा कप घेऊन उभे होते. मी त्यांना समजवायला गेले तर ते म्हणाले, "म्हंजे पेव की." हरिपूरला संगमाकडं हळदीची पेवं असायची, जमिनीत खोल खड्डा, आत हळद भरायची, वर तोंड बंद करून माती. वरनं चालणाऱ्याला नुसती जमीन दिसणार, आत हळद तशीच. "मालकाला ठाऊक असतं आत काय हाय ते," नाना म्हणाले, आणि मग २००५ च्या पुरात पेवांत पाणी कसं शिरलं त्यावर अर्धा तास. पण अल्फा मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं हे मात्र खरं.

त्या रात्री थोडं वाचलं पण. १९७० च्या दशकाच्या शेवटी एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ हे दोघं न्यूयॉर्कच्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर चित्रं करत होते, तेव्हा चित्राबरोबरच हा चौथा आकडा साठवायची कल्पना त्यांची. दोन चित्रं मिसळायच्या सूत्रात अल्फा हे ग्रीक अक्षर होतं म्हणून नाव अल्फा. १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ या दोन संशोधकांनी एकावर एक चित्रं ठेवायचं सगळं गणित नीट मांडलं. सूत्र म्हणजे आपलं भेसळीचं गणित आहे, वरचा रंग गुणिले अल्फा, अधिक खालचा रंग गुणिले एक वजा अल्फा (इथं अल्फा ० ते १ मध्ये धरायचा, २५५ म्हणजे १). मी हिशेबवाली बाई, मला हे मेनूंपेक्षा पटकन कळलं.

आणि याच गणितातनं माझा दुसरा प्रॉब्लेम पण सुटला. मसाल्याचं लेबल गडद हिरव्यावर करायचं होतं, तिथं चित्राच्या कडेला सगळीकडे फिकट किनार येत होती, जरीच्या काठासारखी. का येते बघा. कागद समजा २३० आणि शाई ४०. कडेच्या ठिपक्यात दोन्ही निम्मे-निम्मे, म्हणजे त्याचा रंग आधीच १३५. मी मास्कनं त्याला अर्धा पारदर्शक केला आणि खाली हिरवा समजा ६०, तर उत्तर ९७ च्या आसपास येतं. यायला पाहिजे होतं ४० आणि ६० च्या मधलं, ५०. अल्फानं दिसणं कमी केलं, पण त्या ठिपक्यात मुरलेला कागद काढला नाही. राखाडी चौकड्यांवर ही किनार कळतच नाही, म्हणून आता मी खाली नेहमी एक भडक रंगाचा लेयर ठेवते, एकदा हिरवा एकदा लाल, आणि त्यावर तपासते.

मग सगळं नव्यानं केलं. झेरॉक्सवाल्याकडून बिल ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून आणलं, कारण मोबाइलच्या फोटोत माझ्याच हाताची सावली होती. लेबल ३ इंच रुंद, ३०० डीपीआयला ९०० पिक्सेल लागतात, तेव्हा हे भरपूर. आधी डाग. लेयरची कॉपी केली, तिला गॉशियन ब्लर (चित्र धूसर करायचा प्रकार) एवढा दिला की अक्षरं विरघळून नुसते कागदाचे ढग उरले, आणि तिचा मोड डिव्हाइड. म्हणजे मूळ चित्र भागिले त्याच्या मागचा कागद. जिथं कागद काळा पडलाय तिथं भागाकारही लहान आकड्यानं होतो, त्यामुळे साय आणि काकवी दोन्ही एकसारखे पांढरे झाले. पुराची रेघ जवळजवळ गायब! पहिल्यांदा ब्लर २० च दिला होता तेव्हा "हळदीचे" ची जाड अक्षरं आतनं पोकळ झाली, कारण ब्लरमध्ये शाईच उरली होती आणि शाई भागिले शाई म्हणजे पांढरं. १५० केल्यावर ठीक झालं.

दोन्ही लेयर एकत्र करून मग मास्क लावताना ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर निवडलं आणि इन्व्हर्टची टिक. म्हणजे चित्र स्वतःच स्वतःचा मास्क झालं, जिथं शाई दाट तिथं पांढरं, कागद तिथं काळं, कडा आपोआप मधल्या राखाडी. मास्कवर लेव्हल्स (काळं-पांढरं कमी-जास्त करायची खिडकी) उघडून काळा स्लायडर थोडा आत घेतला की कागदाचा उरलेला कचरा शून्यावर जातो, पांढरा आत घेतला की शाई पूर्ण २५५. दोन्ही फार जवळ आणायचे नाहीत, मधले राखाडी मरतात आणि कडा परत कुरतडल्यासारख्या होतात. उधारीची ओळ मास्कवर काळ्या ब्रशनं. होडीचं तळ थोडं तिच्यात अडकलं होतं, ते हातानं, झूम करून, बिनसाखरेचा चहा पीत.

आणि शेवटची पायरी, जी मला आधी सुचली असती तर चार रात्री वाचल्या असत्या. मास्क नाही, मूळ लेयर निवडायचा आणि तो अख्खा एकाच रंगानं भरून टाकायचा. मी गडद कुंकवाचा रंग घेतला. आता त्या लेयरमध्ये कागद नाही, डाग नाही, उधारी नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फक्त कुंकवाचा रंग, आणि चित्राचा आकार सगळा अल्फात. कडेच्या ठिपक्यात मुरायला कागदच उरला नाही म्हणून किनार गेली. कुठल्या पोरानं कुठल्याही जुन्या सॉफ्टवेअरमधनं अल्फा उडवला तर फार फार तर काय दिसेल, एक लाल चौकोन. कुणाची चाळीस रुपयांची अब्रू तर जाणार नाही.

पेनड्राइव्ह घेऊन गेले, पिवळ्यावर आणि हिरव्यावर दोन्ही नमुने समोर छापून घेतले, भिंगासारखा मोबाइल झूम करून कडा बघितल्या. प्रिंटवाले म्हणाले, "आता उधारी कुठं गेली वहिनी?" मी म्हटलं, "फिटली."

दिवाळीत पाउच गेले. बिलावर नाव असलेल्या त्या घरातही गेले, त्यांनी होडीचं कौतुक केलं, आई तोंडावर पदर धरून आत पळाल्या.

नाना मात्र दोन-तीन दिवस काहीतरी घोळत होते. मग एकदा जेवताना म्हणाले, ती ओळ आबांच्या हातची आहे, त्यांचं दुसरं हस्ताक्षर घरात धड उरलं नाही, ती तेवढी काढून मिळेल का. त्या रात्री स्कॅन परत उघडला, तीच भागाकाराची पद्धत, फक्त या वेळी मास्कवर बाकी सगळं काळं केलं आणि ती एक ओळ पांढरी ठेवली. पेनाची शाई जिथं उचलली गेलीय तिथं ती मधल्या आकड्यांत राहू दिली, लेव्हल्स फार ओढले नाहीत. डॉक्युमेंट म्हणून त्यांच्या फोनवर पाठवली. आता त्यांच्या फोनचा वॉलपेपर म्हणजे मार्केट यार्डातल्या हळदीच्या ढिगाचा फोटो आहे आणि त्यावर तिरकं, "यांजकडून येणे रु. ४०". नाव मी कापलं. त्यावरनं ते अजून मला बोलतात.